बोर्डाच्या परीक्षेची भीती : पहिल्यांदा दहावीला बसणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

दहावीची परीक्षा तोंडावर आली की ज्यांचा अभ्यास राहिलेला असतो त्यांच्याइतकीच, कधी कधी त्यांच्याहून जास्त, भीती अभ्यास पूर्ण झालेल्या मुलामुलींना वाटते, आणि ही गोष्ट घरातल्या मोठ्यांना चटकन पटत नाही. ‘अभ्यास झालाय ना, मग घाबरायचं कशाला?’ असे ते प्रेमानेच विचारतात आणि मुलाला वाटते की आपल्यातच काहीतरी कमी आहे. या लेखात मला मुख्यतः एक गोष्ट नीट पोहोचवायची आहे. परीक्षेची भीती अभ्यास वाढवल्याने आपोआप जात नाही. तिच्यावर वेगळे काम करावे लागते, आणि ते काम पोहायला शिकण्यासारखे सरावानेच जमते. हाताशी सहा ते आठ आठवडे असतील तर उत्तम, पण दोनच आठवडे उरले असतील तरी पुढे सांगितलेल्यातले बरेच काही करता येईल.

माझ्या स्वतःच्या दहावीत बीजगणिताच्या पेपराला वर्गसमीकरणाचे एक उदाहरण आले होते. तसली उदाहरणे मी घरी कितीतरी वेळा सोडवली होती. प्रश्नपत्रिकेवरची अक्षरे दिसत होती, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता; तळहाताला इतका घाम आला होता की उत्तरपत्रिकेचा कागद मनगटाखाली ओलसर होऊन सुरकुतला होता. ते सूत्र मला आठवले ते पेपर झाल्यावर, एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना, अगदी सहज. पुढे विद्यार्थ्यांशी बोलताना असे अनुभव इतक्या वेळा ऐकले की त्यामागचे कारण समजून घेणे मला आवश्यक वाटू लागले.

आधी भीती कशी काम करते ते पाहू

संकट दिसले की शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदय जोरात चालते, श्वास उथळ आणि जलद होतो, रक्ताचा पुरवठा पचनसंस्थेकडून मोठ्या स्नायूंकडे वळतो. पोटात गोळा येणे, हातपाय गार पडणे, पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटणे ही सगळी त्याच तयारीची चिन्हे आहेत. वाघ समोर आला तर ही तयारी जीव वाचवते, पण बाकावर तीन तास बसून निबंध लिहायचा असतो तेव्हा तिचा उपयोग नसतो.

थोडी धडधड मात्र उपयोगीच असते. यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक कल्पना पुढे आली, आणि ती पुढे माणसांच्या बाबतीतही मांडली गेली. उत्तेजना अगदी कमी असेल तर काम सुस्त होते, मध्यम असेल तर चांगले होते आणि फार वाढली की पुन्हा बिघडते. काम जितके अवघड, तितकी ही बिघडण्याची पातळी लवकर येते. म्हणून आपल्याला भीती शून्यावर आणायची नाही. लिहिता येईल इतपत ती खाली आणायची आहे.

1967 मध्ये लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. अंगात जाणवणारी खळबळ हा एक भाग आणि डोक्यात चालू राहणारी काळजी हा दुसरा. त्यानंतरच्या अभ्यासांतून वारंवार असे दिसले की गुणांवर जास्त परिणाम काळजीचा होतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. उदाहरण सोडवताना मधल्या पायऱ्या लक्षात धरून ठेवण्यासाठी मेंदूत एक छोटी तात्पुरती जागा असते, तिला कार्यस्मृती म्हणतात. ‘हे येत नाही, आता संपलं, बाबा काय म्हणतील’ ही वाक्ये त्याच जागेत येऊन बसतात आणि सूत्राला जागा उरत नाही. सूत्र विसरलेले नसते, म्हणूनच ते बसस्टँडवर परत येते. अंगातल्या खळबळीवर आणि डोक्यातल्या काळजीवर उपाय निरनिराळे आहेत, हे लक्षात घेऊन पुढच्या पायऱ्या वाचाव्यात.

पहिली पायरी : एका वहीत नोंद

शंभर पानी साधी वही घ्यावी. पुढचे आठ-दहा दिवस जेव्हा जेव्हा परीक्षेच्या विचाराने घाबरल्यासारखे होईल, तेव्हा तीन गोष्टी लिहाव्यात : आपण काय करत होतो, अंगात काय जाणवले आणि मनात नेमके कोणते वाक्य आले. वाक्य जसे आले तसेच, आपल्या बोलीत लिहावे. ‘टेन्शन आलं’ एवढे लिहून काहीच हाती लागत नाही. ‘भूमितीची रचना बघितली, पोट दुखायला लागलं, मनात आलं की सगळ्यांसमोर नाक कापलं जाणार’ असे लिहिले की पुढे काय करायचे ते कळते. आठवड्याने वही चाळली तर बहुतेकांना दिसते की भीती सगळ्या विषयांवर सारखी पसरलेली नसते. दोन-तीन ठरावीक जागांवर ती गोळा झालेली असते.

दुसरी पायरी : मनातले वाक्य खरे आहे का ते तपासणे

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात जी विचारपद्धती मांडली, ती मराठीत ‘विवेकनिष्ठ’ या नावाने बऱ्याच जणांना परिचित आहे. तिचा गाभा असा की घटना आपल्याला जेवढी हलवते त्याहून जास्त त्या घटनेविषयीचे आपले म्हणणे हलवते, आणि ते म्हणणे तपासून पाहता येते. ‘मला चांगले गुण मिळावेत’ ही इच्छा आहे आणि ती अभ्यासाला बसवते. ‘मला चांगले गुण मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी कुणीच नाही’ ही स्वतःवर केलेली सक्ती आहे आणि ती हात गोठवते.

तपासायला हाताशी वस्तुस्थिती लागते, म्हणून बोर्डाच्या परीक्षेविषयी काही गोष्टी स्वच्छ माहीत असाव्यात. दहावीला प्रत्येक विषयात उत्तीर्ण होण्यासाठी 35 गुण लागतात. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे या विषयांत 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, म्हणजे पहिल्या पेपरआधीच काही गुण जमा झालेले असतात. सहा विषयांचे 600 गुण असले तरी टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांच्या 500 गुणांवर काढली जाते. आता वहीतले वाक्य घ्या : ‘भूमितीचा पेपर गेला की सगळं गेलं.’ भूमितीचा पेपर 40 गुणांचा, म्हणजे 500 पैकी 8 टक्के. तो पूर्ण कोरा राहिला असे धरले तरी सगळे जात नाही, आणि तो पूर्ण कोरा राहतही नाही.

याच्याही पुढचे, सगळ्यात मोठे वाक्य असते : ‘नापास झालो तर आयुष्य संपलं.’ याला घरात कुणी मोठ्याने बोलून उत्तर देत नाही, म्हणून इथे देतो. निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो. गुण अपेक्षेपेक्षा कमी वाटले तर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. उत्तीर्ण होऊनही समाधान नसेल तर श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येते. या वाटा माहीत असल्याने अभ्यास ढिला पडतो, असे काही पालकांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. दार बंद नाही हे कळलेले मूल जास्त शांतपणे अभ्यासाला बसते.

प्रत्येक वाक्यासमोर, उजव्या पानावर, तपासलेले वाक्य लिहावे. ते खोटे धीर देणारे नसावे. ‘मला सगळं येतं’ असे लिहिले तर मन ते मानत नाही. ‘मला प्रमेयांच्या सिद्धता अजून कच्च्या आहेत, रोज एक लिहून काढली तर महिन्यात पक्क्या होतील’ हे मन मानते.

तिसरी पायरी : वाचण्यापेक्षा आठवून लिहिणे

परीक्षेत पुस्तक समोर नसते, आणि तरीही बहुतेकांचा अभ्यास पुस्तक समोर ठेवूनच होतो. धडा चौथ्यांदा वाचताना सगळे ओळखीचे वाटते; ही ओळख म्हणजेच आठवण, असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन एक प्रयोग केला. पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारले तर मधल्या काळात न बघता आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणून एक धडा वाचून झाला की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहावे आणि मग राहिलेले दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरावे. सुरुवातीला दुसऱ्या रंगाचेच पान भरते आणि धाबे दणाणते, पण हे धाबे बोर्डाच्या हॉलमध्ये दणाणण्यापेक्षा घरात, जानेवारीत दणाणलेले बरे.

चौथी पायरी : घरी बोर्डाचा पेपर

सगळ्या पायऱ्यांमध्ये मी हिला सर्वात जास्त महत्त्व देतो, आणि नेमकी हीच टाळली जाते. मेंदू ज्या प्रसंगाला अनेकदा, इजा न होता, सामोरा गेलेला असतो त्या प्रसंगाला तो हळूहळू संकट मानेनासा होतो. मानसोपचारात भीती कमी करण्याची ही जुनी आणि भरवशाची रीत आहे. परीक्षेतली गोष्ट अशी की अभ्यासक्रमाची ओळख वर्षभर होते, पण अनोळखी शाळा, अनोळखी पर्यवेक्षक, भिंतीवरचे घड्याळ आणि सभोवतालची शांतता यांची ओळख थेट त्या दिवशीच होते.

आमच्या शेजारच्या एका मुलीचे उदाहरण सांगतो. तिला एकेक प्रकरण नीट येत होते, पण शाळेच्या पूर्वपरीक्षेत विज्ञानाच्या पेपराला ती वीस मिनिटे पेन न उचलता बसून राहिली होती. आम्ही असे ठरवले की दर रविवारी सकाळी बरोबर 11 वाजता जेवणाच्या टेबलावर पेपर मांडायचा. तिचे वडील पर्यवेक्षक झाले. त्यांनी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला, टीव्ही बंद केला, बंद पाकिटातून प्रश्नपत्रिका काढून दिली आणि कितीही विचारले तरी उत्तरात फक्त ‘एक तास झाला’, ‘शेवटची दहा मिनिटे’ एवढेच बोलायचे असे ठरवून घेतले. पहिल्या रविवारी ती अर्ध्या तासात रडत उठली. वडिलांनी तिला रागावले नाही आणि पेपर पुढे ढकललाही नाही. पाणी दिले, पाच मिनिटे गॅलरीत उभे केले आणि उरलेल्या वेळात जेवढे जमेल तेवढे लिहायला बसवले. दुसऱ्या रविवारी ती पूर्ण वेळ बसली, पण पेपर अर्धा राहिला. चौथ्या रविवारी त्यांनी मुद्दाम शेजारच्या सभागृहातली एक डगमगती खुर्ची आणली आणि ती त्या खुर्चीवर बसून पेपर संपवून उठली. धडधड शेवटपर्यंत होती, पण ती ओळखीची झाली होती.

हे करताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पेपर पूर्ण वेळेचा असावा : भाषेचा तीन तासांचा, बीजगणित-भूमितीचा आणि विज्ञानाच्या दोन भागांचा दोन-दोन तासांचा. सोपा पेपर आधी घ्यावा, भीती वाटणारा नंतर. पहिल्याच दिवशी सर्वात अवघड विषय घेतला तर भीती आणखी घट्ट होते. आणि तपासताना गुणांबरोबर हेही लिहावे की भीती कितव्या मिनिटाला सर्वात जास्त होती व किती वेळाने उतरली. ती उतरते, हे स्वतःच्या अक्षरात लिहिलेले असले की कुणाच्या उपदेशाची गरज उरत नाही.

पाचवी पायरी : श्वास आणि शरीर

अंगातल्या खळबळीवर सर्वात जवळचे साधन श्वास आहे. नाकाने मनातल्या मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती मंदावते, हे शरीराच्या रचनेतच आहे. असे दहा श्वास, दिवसातून दोनदा, परीक्षेच्या कितीतरी आधीपासून घ्यावेत. पेपराच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहिले आणि उपयोग झाला नाही तर दोष श्वासाचा नाही, सराव नसल्याचा आहे.

झोपेविषयी थोडक्यात : दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत होते, त्यामुळे जागून केलेला अभ्यास अंगाशी येतो. चहाचे कप वाढवल्याने धडधडही वाढते. झोपेच्या किंवा ‘टेन्शन कमी करणाऱ्या’ गोळ्या डॉक्टरांनी दिल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नयेत.

मदत केव्हा मागावी

सतत पंधरा दिवस झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, शाळेत जायचे म्हटले की उलट्या होत असतील किंवा घाबरण्याचे झटके येत असतील, तर हे वहीने आणि श्वासाने निभावून नेण्याचे काम राहत नाही. शाळेतल्या विश्वासातल्या शिक्षकांना सांगावे, समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. परीक्षेच्या काळात राज्य मंडळही समुपदेशक नेमते आणि त्यांचे क्रमांक जाहीर करते. जगूच नये असे विचार येत असतील तर निकालाची, पेपराची, कुणाच्या रागाची वाट न पाहता त्याच क्षणी जवळच्या मोठ्या माणसाला सांगावे किंवा 14416 लावावा. पालकांनी असे वाक्य ऐकले तर ‘काहीतरीच बोलू नकोस’ म्हणून गप्प करू नये. जवळ बसावे आणि एकटे सोडू नये.

एक गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. काही मुलांना भीती वाटते त्यामागे वाचन, लेखन किंवा गणित यांतील अध्ययन अक्षमता असते आणि ती कुणी ओळखलेली नसते. अक्षरे उलटसुलट होणे, तोंडी उत्तर येऊन लेखी न जमणे असे वर्षानुवर्षे होत असेल तर तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्र असल्यास मंडळाकडून वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात, मात्र त्यांसाठी शाळेमार्फत खूप आधी अर्ज करावा लागतो.

आदला दिवस आणि पेपराची सकाळ

केंद्र दुसऱ्या शाळेत असेल तर एकदा आधी जाऊन यावे, फाटकापर्यंत का होईना. आदल्या संध्याकाळी हॉल तिकीट, दोन-तीन चालू पेने, कंपासपेटी, पाण्याची पारदर्शक बाटली पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवावी. नवीन धडा उघडू नये. सकाळी नेहमीचेच खावे, पोहे असतील तर पोहे.

सकाळच्या सत्राचा पेपर 11 वाजता सुरू होतो आणि साडेदहाला केंद्रावर हजर राहायचे असते. नेमक्या वेळा हॉल तिकिटावर पाहाव्यात. मोठी भावंडे सांगतील की प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटे आधी मिळते. 2023 पासून ती पद्धत बंद झाली आणि ती दहा मिनिटे पेपराच्या शेवटी वाढवून देण्यात आली. हे ठाऊक नसल्यामुळे अकराला पेपर हातात पडल्यावर काही मुलांची उगाच घाई होते.

फाटकापाशी ‘तू अमुक धडा केलास का?’ अशी विचारपूस चालू असते. त्या घोळक्यापासून नम्रपणे दूर राहावे. रामिरेझ आणि बायलॉक यांच्या 2011 मधल्या प्रयोगांत परीक्षेच्या आधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली होती. नंतरच्या प्रयोगांत तेवढा ठळक परिणाम नेहमीच दिसला नाही, पण करून पाहण्यात तोटा काहीच नाही. निघण्यापूर्वी घरी वहीत दहा मिनिटे लिहावे आणि वही घरीच ठेवावी.

हॉलमध्ये

उत्तरपत्रिका मिळाली की बैठक क्रमांक आणि बाकीचे रकाने सावकाश भरावेत. ठरलेले, न चुकणारे काम हातांना स्थिर करते. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर दोन-तीन मिनिटे पूर्ण चाळावी आणि येणाऱ्या प्रश्नांवर पेन्सिलीने बारीक खूण करावी. सुरुवात जे हमखास येते त्यापासून करावी. बीजगणित किंवा भूमितीच्या 40 गुणांच्या पेपरात पहिल्या प्रश्नातले 8 गुण बहुपर्यायी आणि एकेका गुणाच्या उपप्रश्नांचे असतात. ते पंधरा मिनिटांत हातावेगळे झाले की अंगातली थरथर बरीच उतरते. 40 गुणांना 120 मिनिटे म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे, हा हिशोब मनात असावा. चार गुणांच्या उदाहरणात पंधरा मिनिटे अडकून राहिलो तर तिथे जागा सोडून पुढे जायचे, असे घरूनच ठरवून जावे.

आणि तरीही एखाद्या प्रश्नापाशी सगळे पुसून गेल्यासारखे झाले तर? पेन खाली ठेवावे. दोन्ही पावले जमिनीवर टेकवावीत. लांब उच्छ्वासाचे पाच श्वास घ्यावेत. याला मिनिटभरच लागते. मग कच्च्या कामाच्या जागेत त्या प्रकरणातले जे काही आठवेल ते, एखादे सूत्र, एखादी आकृती, एखादा शब्द, लिहावे. एक धागा सापडला की दुसरा येतो. नाही आला तर पुढचा प्रश्न घ्यावा; मन दुसरीकडे गेले की अडलेले बरेचदा आपणहून वर येते. शेजारचा पुरवणी मागतो आहे याकडे लक्ष देऊ नये, त्याचे अक्षर मोठे असू शकते.

पेपर झाल्यावर

बाहेर पडल्यावर उत्तरे जुळवू नयेत. दिलेला पेपर आता बदलणार नाही, आणि चुकलेले एक उत्तर पुढच्या पेपरभर डोक्यात जागा अडवून बसते. पालकांना माझी विनंती आहे की फाटकाशी ‘किती सुटलं?’ असे विचारण्याआधी डबा उघडावा. घरी आल्यावर प्रश्नपत्रिका कपाटात ठेवावी, जेवावे, अर्धा तास आडवे व्हावे आणि मग वहीत दोन ओळी लिहाव्यात : भीती केव्हा आली, काय केल्यावर उतरली. पुढच्या पेपराच्या सकाळी वाचायला याच ओळी उपयोगी पडतात. शेवटचा पेपर झाला की पुस्तके कुणाला तरी देऊन टाकावीत, पण ही वही जपून ठेवावी. दोन वर्षांनी बारावीचे हॉल तिकीट हातात येईल तेव्हा तीच वही पुन्हा काढायची आहे.